पिवळा गडी

स्टेशन बंद झाल्यापासून फलाट आमचाच.
कापसाच्या गाठी तोलायचा लोखंडी काटा अजून आहे तिथं,
सुई सतरा किलोवर अडकलेली,
म्हणजे रिकामा असतानाही तो
कुणाचं तरी वजन धरून आहे.

त्या काट्यावरच खेळ मांडतो आम्ही,
रविवारी, ऊन उतरल्यावर.

खोका पुण्याहून आला, मुजम्मिलच्या नावानं,
पंक्चरच्या दुकानाच्या पत्त्यावर.
आत घडीचा नकाशा: दोन टोकांना दोन गावं,
मधल्या रानात साठ कोरे चौकोन,
आणि चार रंगांचे लाकडी गडी,
करंगळीच्या पेराएवढे.
नियम इंग्रजीत. मी वाचून सांगते.
पाळीला एक गडी ठेवायचा.
खाणीत ठेवला की खडी, जंगलात ठेवला की सागाचे स्लीपर,
कंपनीच्या कचेरीत ठेवला की पैसे.
एका जागी एकच गडी;
कुणी आधी पोचला, तर दुसऱ्यानं पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं.
"हे तं रोजगार हमीवानीच झालं," छबू खंडारे म्हणाली.

आणि फेरी संपली की आपापले गडी उचलून घरी न्यायचे.

"घर कोन्तं ह्यात?"
सोनबा डाखोरेंनी विचारलं.
छत्तीस वर्षं चाबीवाला होते ते छोट्या लाइनीवर.
खांद्यावर हातोडा, रोजचे तीन कोस जाणं, तेवढंच येणं.
घर नव्हतंच नकाशात.
त्यांनी तंबाखूच्या डबीचं झाकण काढलं,
काट्याच्या कडेला पालथं नाही, उताणं ठेवलं,
आणि पाचही पिवळे गडी त्यात आडवे निजवले.

मग खेळ तापला.
मुजम्मिलनं नाल्यावरचा पूल घेतला,
मी तारघर बळकावलं,
छबू सागाचा ढीग लावत बसली, विकेना.
रूळ नाला ओलांडून गेले.

सोनबांचे चार गडी कुठं कुठं राबायचे, जेमतेम.
पाचवा त्यांनी उचलला
आणि टाकलेल्या रुळावर ठेवला, पहिल्याच चौकोनात.

"तिथी जागा नाई काका."
"हाय नं. रूळ हाय तं जागा हाय."

पुढच्या पाळीला एक चौकोन पुढं.
त्याच्या पुढच्या पाळीला दोन, कारण "उताराले पाय उचलते."
"रूळ टाकला का झालं काय वो बाई?
उन्हानं लोखंड फुगते, थंडीत आकसते,
चाबी ढिली होते. पाहनारा नको?"

मी पुस्तिका चाळली. चोवीस पानं.
टाकण्याचे गुण होते, पुलाचे होते,
पहिली गाडी आणल्याचे तर पंधरा.
चालत जाऊन बघण्याचं काहीच नव्हतं.
मी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही.

शेवटच्या फेरीत मुजम्मिलनं
काळं इंजिन उचललं, तोंडानं शिटी दिली,
आणि एका दमात रेटत आणलं नाल्यावरून.
तेव्हा सोनबा घाईनं वाकले.
दोन बोटांनी पिवळा गडी रुळावरून उतरवला,
बाजूला उभा केला, गाडीकडे तोंड करून.
गाडी गेली.
त्यांनी ती पूर्ण जाऊ दिली, मागचा डबा होता तसं समजून,
जरा थांबले,
मग गडी परत रुळावर ठेवला.

हिशेब झाला. मुजम्मिल चौऱ्याण्णव, मी सत्त्याहत्तर,
छबूचा सगळा साग अंगावर पडला.
सोनबा अकरा.

अंधारायला लागलं होतं.
फलाटाखाली, खऱ्या रुळांच्या मधोमध
तरोटा गुडघाभर वाढलेला,
त्यातून बकऱ्या घरी चाललेल्या.
मी नकाशा दुमडायला घेतला
तर त्यांनी मनगटच धरलं माझं.

"मोडू नको बाई.
सतरा चौकोन राह्यले माह्ये."

चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या मग,
आणि बाकीचे रंग खोक्यात भरून
आम्ही निघालो.